उतारा आणि अर्थ : सरहद्दीवरून दिसणारे इंग्रजी वाचन

हिंगोली आणि वाशीम यांच्या साधारण मधोमध, अकोल्याहून नांदेडमार्गे संगारेड्डीकडे जाणाऱ्या महामार्गावर, कनेरगाव नाका नावाचे गाव आहे. गावाच्या नावाला जोडलेला ‘नाका’ हा शब्द इथली सरहद्द अजून जपून आहे. आज ती हिंगोली आणि वाशीम या दोन जिल्ह्यांमधली, म्हणजे मराठवाडा आणि विदर्भ यांच्यामधली हद्द आहे. १९४८ पूर्वी ती दोन राज्यव्यवस्थांमधली हद्द होती. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते. त्याचे नाणे वेगळे, करोडगिरी वेगळी, दरबारची भाषा वेगळी. पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड. गंमत अशी की पलीकडचे वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच होते. १८५३ च्या तहाने ते कंपनीच्या हाती गेले ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी, आणि त्या फौजेची एक छावणी खुद्द हिंगोलीत होती. १९०२ साली हा प्रांत कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांना दिला गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला.

सरहद्दीवर मालाची झडती होते, हे सर्वांना ठाऊक असते. भाषांचीही तिथे एक प्रकारची झडती होते, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. अकरावी-बारावीच्या वर्गात इंग्रजी उतारा वाचून त्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहिणे, ज्याला आपण ‘आकलन’ म्हणतो, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही इतिहास असेल असे वाटत नाही. तो आहे, आणि एखाद्या विद्यापीठाच्या आवारापेक्षा अशा नाक्यावर उभे राहून तो अधिक स्पष्ट दिसतो, असे मला वाटते. कारण इथे काही मैलांच्या अंतरावर इंग्रजी वाचण्याच्या दोन वेगळ्या रीती अर्धशतकभर शेजारी नांदल्या.

आधी पलीकडची बाजू पाहू. वऱ्हाडात इंग्रजी ही सत्तेची भाषा होती आणि म्हणून शाळेचीही. हायस्कुलात शिकणाऱ्या मुलाला इतिहास, गणित, भूगोल इंग्रजीतून वाचावे लागत. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात माध्यमिक शाळांतून देशी भाषांचा शिरकाव होऊ लागला, तरी महाविद्यालयात पाऊल टाकायचे ते इंग्रजीतच. १९२३ साली नागपूर विद्यापीठ आणि अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज एकाच वर्षी सुरू झाले, त्यानंतर वाशीमकडच्या मुलाला मुंबई वा अलाहाबादकडे पाहण्याची गरज उरली नाही. या वर्गांतून इंग्रजी वाचण्याची जी पद्धत होती ती साऱ्या मराठी मुलखाला परिचित आहे. शिक्षक वाक्य वाचतो, शब्दांचे अर्थ सांगतो, वाक्याचा मराठी अर्थ सांगतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. परीक्षेत कवितेचे गद्यरूप करायचे, ओळींचे संदर्भासहित स्पष्टीकरण द्यायचे, आणि उताऱ्याचा सारांश लिहायचा. यातला सारांश मुळात कचेरीच्या कामाचा. लांबलचक टिपणाचे चार ओळींत सार काढता येणारा कारकून सरकारला हवा होता. स्पष्टीकरणाचे मूळ मात्र धर्मग्रंथ आणि अभिजात ग्रंथ यांच्या पाठपरंपरेत आहे, युरोपातल्याही आणि आपल्याकडच्याही. पंतोजी टीकेसह श्लोक लावून दाखवीत त्याच पद्धतीने मास्तर इंग्रजी कविता लावून दाखवू लागले. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात आकाराला आला असे दाखवले आहे. त्यांचा भर राज्यकर्त्यांच्या हेतूंवर आहे. वर्गात प्रत्यक्ष काय घडत होते हे पाहिले तर राज्यकर्त्यांच्या हेतूंना मराठी मास्तराने आपल्या सवयीचा पाट घातलेला दिसतो.

या रीतीचे सर्वांत टिकाऊ स्मारक म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तिच्या भागांवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. इंग्रजी समजले की नाही याची तिच्यातील कसोटी एकच आहे, आणि ती आपल्याला आज भाबडी वाटते : मराठीत सांगता आले तर समजले. चिपळूणकरांच्या काळापासून इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची रीत आहे. पाठमालेने ते दूध वाटी-चमच्याने पाजले, असे म्हणायला हरकत नाही.

आता अलीकडची बाजू. इथली गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासात कमी सांगितली जाते. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे हिंदुस्थानातले पहिले आधुनिक विद्यापीठ म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि ते अनाठायी नव्हते. विद्यापीठाला जोडून भाषांतरखाते होते. पदार्थविज्ञानापासून कायद्यापर्यंतची इंग्रजी पुस्तके तिथे उर्दूत उतरवली जात. इंग्रजी माध्यम म्हणून गेले, पण अनिवार्य विषय म्हणून राहिले. वसाहतीच्या हिंदुस्थानात हा एक विलक्षण प्रयोग होता : इंग्रजी ही ज्ञान ‘वाचून आणण्याची’ भाषा, आणि विचार करण्याची, लिहिण्याची भाषा दुसरी. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने इंग्रजीला ‘ग्रंथालयीन भाषा’ म्हटले तेव्हा ती कल्पना नवी भासली. हैदराबादेत ती चाळीस-पंचेचाळीस वर्षे आधी अमलात येऊन गेली होती.

परंतु देशी भाषा कोणाची? हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या मराठी मुलासाठी उर्दू ही घरची भाषा नव्हती. प्राथमिक शिक्षण मराठीत झाले तरी माध्यमिक शाळेत तो उर्दूत शिकत असे, आणि इंग्रजी उताऱ्याचा अर्थ त्याला सांगितला जाई तोही उर्दूत. म्हणजे पैनगंगेच्या पलीकडल्या मुलाला इंग्रजी समजले की नाही हे मराठीत तपासले जात होते, आणि अलीकडल्या मुलाला दोन पायऱ्या चढून जावे लागत होते. एक परकी भाषा दुसऱ्या निमपरक्या भाषेतून समजून घ्यायची, आणि मग मनातल्या मनात मराठीत आणायची. याचा जाच होता यात शंका नाही. मराठवाड्यात निघालेल्या राष्ट्रीय शाळा आणि मराठीच्या आग्रहाची चळवळ या जाचातूनच उभी राहिली. तरीही त्या जाचातून एक अनपेक्षित गोष्ट निपजली. दोन लिप्या, तीन भाषा सतत एकमेकींवर घासून पाहिल्यामुळे जुन्या हैदराबादी वळणाच्या मराठवाडी शिक्षकांना शब्दाच्या छटांची जी जाण असे ती पुणे-मुंबईच्या समकालीनांत सहसा दिसत नाही. हे माझे मत आहे, आणि जुन्या पिढीचे गद्य वाचून ते बनले आहे. वसमत तालुक्यातील कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर यांचे गद्य ज्यांनी वाचले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ‘रूपवेध’मधला समीक्षक पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्राशी वाद घालतो तो ते इंग्रजीत मुखोद्गत करून नव्हे, आपल्या भाषेत उलटसुलट तपासून.

शब्दकोशांचीही एक लहानशी नोंद इथे करावीशी वाटते. मराठीच्या बाजूला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ पासून आणि कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ पासून होता. उर्दूच्या बाजूला मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखाली अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूने मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली प्रसिद्ध केला, आणि ही अंजुमन त्या काळी औरंगाबादेत होती. मराठवाड्याच्या राजधानीवजा शहरात इंग्रजी आकलनाचे एवढे मोठे साधन तयार झाले आणि मराठी वाचकाच्या स्मरणात त्याची नोंद जवळजवळ नाही, ही आपल्या वाङ्मयीन स्मृतीची एक बाजू.

१९३८ मध्ये या दोन रीती अकस्मात एकमेकींसमोर आल्या. वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानियातून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांच्यापैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. राजकीय इतिहासात हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. भाषेच्या अंगाने पाहिले तर त्याचा अर्थ असा की इतिहास आणि अर्थशास्त्र उर्दूत वाचलेली मुले वर्षाच्या मध्यावर इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसली. इंग्रजी हा त्यांचा एक विषय होता. आता सगळेच विषय इंग्रजी झाले. त्यांच्या इंग्रजी वाचनाची ही खरी परीक्षा होती, आणि कोणत्याही उताऱ्याखाली तिचे प्रश्न छापलेले नव्हते.

इथे जरा नाका सोडून दूर जावे लागेल, कारण ‘उताऱ्याखालचे प्रश्न’ हा प्रकार ना वऱ्हाडाने शोधला ना हैदराबादने. तो अमेरिकेतून आला. १९१५-१६ च्या सुमारास फ्रेडरिक केली यांनी कॅन्ससमध्ये मूकवाचनाची चाचणी तयार केली, जिच्यात एकच उत्तर बरोबर असे आणि म्हणून तपासणाऱ्याचे मत मध्ये येत नसे. १९१७ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी परिच्छेद वाचताना मुलांच्या होणाऱ्या चुकांवर एक निबंध लिहिला. शाळेतील हजेरीच्या एका नियमाचा छोटासा परिच्छेद मुलांपुढे ठेवून त्यांनी प्रश्न विचारले आणि चुकीची उत्तरे बारकाईने लावून पाहिली. त्यांचा निष्कर्ष असा, की वाचणे म्हणजे गणित सोडवण्यासारखा विचार करणे आहे; परिच्छेदातल्या प्रत्येक शब्दाला योग्य ते वजन द्यावे लागते. जो मुलगा चुकतो त्याच्या मनात एखादा ओळखीचा शब्द अवाजवी बलवान झालेला असतो आणि तो बाकीच्यांना दाबून टाकतो. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी चुकांविषयी इतके सहानुभूतीचे लेखन मी क्वचित वाचले आहे. दुर्दैव असे की शिक्षणव्यवस्थेने केलींची चाचणी घेतली आणि थॉर्नडाइकांचे चुका वाचणे सोडून दिले.

हिंदुस्थानात ही कल्पना पोचली ती ढाक्यातून. तिथल्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधील द्वैभाषिकतेवर एक अहवालग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा आजही विचार करण्याजोगा आहे. बहुसंख्य मुले शाळा अर्ध्यावर सोडतात. त्यांनी इंग्रजीत घालवलेल्या दोन-चार वर्षांचा त्यांना काही उपयोग व्हायचा असेल तर बोलणे नव्हे, वाचणे आधी शिकवा, कारण थोडे वाचता येऊ लागले तरी ते हाती राहते. त्यासाठी त्यांनी मोजक्या, वारंवार येणाऱ्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला तयार केली. पुढे १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली, आणि जगभरच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांचा शब्दसंग्रह तिच्या मापाने बेतला जाऊ लागला. वेस्ट यांचा हेतू खेड्यातल्या, शाळा सुटणाऱ्या मुलाचे भले करण्याचा होता. कनेरगावच्या मुलाला तो सर्वांत जवळून लागू पडतो. आपण त्यांच्याकडून शब्दांचे मोजमाप घेतले. वाचायला पुष्कळ, सोपी, रंजक पुस्तके द्यावीत हा अर्धा भाग मात्र शाळांच्या अंदाजपत्रकात कधी मावला नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. नाका उठला, उर्दू माध्यम गेले, मराठी आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, विदर्भही आला, आणि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर प्रथमच एक शिक्षणखाते झाले. मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या काळात इंग्रजी आठवीपर्यंत मागे ढकलली गेली होती; महाराष्ट्र झाल्यावर ती पुन्हा पाचवीपर्यंत खाली आली, आणि २००० सालच्या जूनपासून पहिलीपर्यंत. १९६६ मध्ये राज्य मंडळ, १९६७ मध्ये बालभारती, सत्तरच्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीनचा आकृतिबंध आणि त्यातून जन्मलेले ‘कनिष्ठ महाविद्यालय’ हे चमत्कारिक नाव. शाळेला महाविद्यालय म्हणायचे आणि आधी ‘कनिष्ठ’ लावायचे, असा हा मराठी तोडगा. ही सारी वर्षे मी झरझर सांगितली, कारण आकलनाच्या दृष्टीने त्यांत एकच गोष्ट घडली : भाषांतर बदनाम झाले. संरचना पद्धतीने सांगितले की वर्गात मराठी बोलू नका. संभाषणकेंद्री पद्धतीने तेच अधिक गोड शब्दांत सांगितले. परीक्षेतून भाषांतराचा प्रश्न गेला, संदर्भासहित स्पष्टीकरण गेले आणि त्यांच्या जागी उतारा व त्याखालचे प्रश्न येऊन बसले.

वर्गात काय झाले? मास्तर पूर्वीसारखेच वाक्य वाचून मराठीत अर्थ सांगत राहिले. मुले पूर्वीसारखीच वहीच्या एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला ‘मिनिंग’ लिहीत राहिली. फरक इतकाच पडला की हे काम आता चोरीचे झाले, आणि चोरीने केलेल्या कामात सुधारणा होत नाही. तर्खडकरांच्या पाठमालेत भाषांतराची चढण पद्धतशीर बांधलेली होती. आताच्या वर्गात ते नुसते उरकायचे काम राहिले. ज्या पद्धतीने प्रश्न तपासले जात होते तिला तर अर्थाची गरजच नव्हती. पुढील वाक्य पाहा : ‘झिपळा कुरंदीवर मुटकत होता, कारण त्याची लांगडी फुसळली होती.’ आता प्रश्न : झिपळा कशावर मुटकत होता? तो का मुटकत होता? या दोन्ही प्रश्नांना आपण पूर्ण गुण मिळवू, आणि या वाक्यातला एकही नामशब्द मराठीत अस्तित्वात नाही. विभक्तीचा प्रत्यय आणि ‘कारण’ एवढे ओळखता आले की पुरे. बारावीचा हुशार विद्यार्थी इंग्रजीत हेच करतो. ‘व्हाय’ दिसले की ‘बिकॉज’ शोधायचे, प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि त्याच्या पुढची ओळ उतरवून काढायची. मराठीत आपण अशा परिच्छेदाला ‘उतारा’ म्हणतो, आणि उतारा म्हणजे मुळात उतरवून घेतलेली नक्कलच. तलाठ्याकडचा सातबाराचा उताराही तोच. शब्दाने आपला स्वभाव सोडलेला नाही, इतकेच.

याच कारणाने कॉपीच्या प्रश्नाकडेही थोडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. २०१० मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात प्रशासनाने कॉपीमुक्त परीक्षेचा प्रयोग कसोशीने राबवला आणि त्याची राज्यभर चर्चा झाली. कॉपी बंद व्हायलाच हवी. परंतु इंग्रजीच्या संपूर्ण प्रश्नपत्रिकेत ज्याचे उत्तर त्याच कागदावर समोर छापलेले असते असा प्रश्न म्हणजे उताऱ्याचा. तिथेही गाईडे आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंच यांचा आधार घ्यावासा वाटतो, तर तो आधार उत्तरासाठी नसून वाचनाच्या भीतीवर असतो.

नव्या कृतिपत्रिकेने ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला, हे मान्य केले पाहिजे. बारावीच्या युवकभारतीवरील ऐंशी गुणांच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखालील कृतींना चढण दिली आहे : ए-१ मध्ये ढोबळ आकलन, ए-२ मध्ये गुंतागुंतीचे तपशील, ए-३ मध्ये अनुमान आणि विश्लेषण, ए-४ मध्ये विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रतिसाद, मग व्याकरण आणि शब्दसंपत्ती. मराठीच्या कृतिपत्रिकेतील ‘स्वमत’ हे याच ए-४ चे भावंड. कागदावर ही रचना थॉर्नडाइकांच्या जवळ जाणारी आहे. अडचण ए-४ मध्ये आहे. ‘तुम्हाला काय वाटते’ या प्रश्नाचे छापील नमुना उत्तर बाजारात मिळते आणि ते पाठ केले जाते. आणि परीक्षकही, त्याच्यापुढे गठ्ठे असतात, छापील उत्तराशी जुळणाऱ्या उत्तरालाच सुरक्षित गुण देतो. स्वतःचे मत इंग्रजीत मांडण्यासाठी आधी ते कोणत्या तरी भाषेत तयार व्हावे लागते, आणि मराठीत विचार करून पाहण्याची जागा आपण वर्गातून अधिकृतपणे काढून टाकली आहे.

वाचता येणे आणि समजणे यांतले अंतर किती, याचा एक देशव्यापी अंदाज ‘असर’च्या २०२३ च्या सर्वेक्षणात मिळतो. ग्रामीण भागातील चौदा ते अठरा वयोगटातील ५७.३ टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली, आणि जी वाचू शकली त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांशांना त्यांचा अर्थ सांगता आला. हा अर्थ मुलांना आपल्या भाषेत सांगायचा होता. म्हणजे देशात इंग्रजी आकलन मोजण्याची वेळ आली तेव्हा मोजणाऱ्यांनी उतारा-प्रश्नोत्तरे बाजूला ठेवली आणि तर्खडकरांचीच जुनी कसोटी उचलली.

यावर कोणी म्हणेल, की भाषांतरावर एवढा जीव टाकण्यात जुन्याचा मोह आहे. मला तसे वाटत नाही, आणि कारण मराठवाड्याच्याच इतिहासात आहे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. निजामी राजवटीत ज्यांच्यापर्यंत उर्दूही पोचली नव्हती आणि इंग्रजीही नव्हती, अशा घरांतली मुले तिथे आली. साठच्या दशकात अमेरिकेत इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून आलेले म. ना. वानखेडे तिथे प्राचार्य होते, गंगाधर पानतावणे तिथे शिकवीत होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठीला ज्या वाटांनी झाली त्यांतली एक ठळक वाट या आवारातून गेली, आणि ‘अस्मितादर्श’सारखे नियतकालिक तिच्याकाठी उभे राहिले. इंग्रजी उताऱ्याला याहून मोठा प्रतिसाद मराठीत दिला गेलेला मला माहीत नाही. त्या वाचकांनी दूरच्या देशातल्या लेखकाचे वाक्य आपल्या वस्तीच्या अनुभवाशी लावून पाहिले, त्याचा अर्थ मराठीत केला, तिथे न थांबता त्यातून नवे वाङ्मय केले. त्यांच्यासमोर ए-१ ते ए-६ अशी चढण नव्हती. पण अनुमान, विश्लेषण आणि स्वतःचा प्रतिसाद या तिन्ही पायऱ्या त्यांनी ओलांडल्या, आणि त्या मराठीत ओलांडल्या. वाचकाकडे आधीपासून जे आहे त्याच्याशी उतारा जोडला गेल्याशिवाय आकलन होत नाही.

योगायोग असा की हेच तत्त्व शास्त्रीय रीतीने तपासणाऱ्या एका गाजलेल्या अभ्यासात भारतीय वाचक होते. १९७९ मध्ये मार्गारेट स्टेफेन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी अमेरिकन आणि भारतीय व्यक्तींना दोन इंग्रजी पत्रे वाचायला दिली, एक अमेरिकन लग्नाचे वर्णन करणारे आणि एक भारतीय लग्नाचे. ज्याला जे लग्न परिचित त्याने ते पत्र लवकर वाचले, त्यातले अधिक लक्षात ठेवले. परक्या लग्नाचे वर्णन आठवताना मात्र त्यात मोडतोड केली. अमेरिकन वधूने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता, हे मानाचे आणि जिव्हाळ्याचे लक्षण. एका भारतीय वाचकाच्या आठवणीत तो पोशाख जुनाट आणि फॅशनबाह्य ठरला. त्या वाचकाचे इंग्रजी कच्चे नव्हते. शब्द सारे समजले होते, लग्न समजले नव्हते.

हे ध्यानात घेऊन बारावीच्या पुस्तकाकडे पाहावे. त्यात ज्यूल व्हर्नच्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ या कादंबरीचे निवडक अंश आहेत. मूळ कादंबरी १८७३ ची. तिचा नायक आगगाडीने हिंदुस्थान ओलांडतो तेव्हा निवेदक मालेगाव, वेरूळ, निजामाच्या राज्यातले औरंगाबाद यांची नावे घेतो आणि हा मुलूख ठगांचा असल्याचे सांगून पॅरिसच्या वाचकाच्या अंगावर काटा आणतो. ठगांचे हे वेड युरोपला लावणाऱ्या पुस्तकांत फिलिप मेडोज टेलरची १८३९ ची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ अग्रभागी होती, आणि तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीतला एक प्रतिष्ठित व्यापारी ठगांचा म्होरक्या निघाल्याची हकीकत आहे. इंग्रजी साहित्यात हिंगोली शिरली ती अशी. कनेरगाव नाक्याहून हिंगोलीच्या बसने अकरावी-बारावीला जाणाऱ्या मुलीसमोर त्या प्रस्तावनेचा परिच्छेद अपठित उतारा म्हणून ठेवला, तर शब्द अवघड आहेत, वाक्ये लांब आहेत, वेस्ट यांच्या दोन हजारांच्या यादीत ती बसणार नाहीत. पण छावणी कुठे होती हे तिला ठाऊक आहे, बाजार तिने पाहिला आहे, आणि लेखक आपल्या गावाविषयी जे सांगतो आहे त्यावर कितपत विश्वास ठेवायचा हा प्रश्न तिला कोणी विचारायच्या आधीच पडलेला असेल. तो ती प्रथम मराठीत विचारील. मंडळाच्या प्रश्नप्रकारांत तो ए-३ मध्ये घालायचा की ए-४ मध्ये, हे प्राश्निकांनी ठरवावे.